चुंबकाकडे ओढला जाणारा पैसा

२०२५च्या गणपतीत धाकट्या बहिणीकडे ठाण्याला जेवायला गेलो होतो. मोदक झाले, सुपारी झाली, आणि ताटे उचलता उचलता ती म्हणाली, "दादा, डिसेंबरात माझी ठेव सुटतेय. सहा लाख. हा म्हणतोय, परत बँकेत ठेवू नकोस, चुंबकात घाल."

'हा' म्हणजे माझा भाचा. पुण्याजवळ विजेवर चालणाऱ्या स्कूटरींच्या कारखान्यात तो इंजिनिअर आहे. चुंबकाचे वेड त्याला उगाच लागले नव्हते. त्या वर्षी ४ एप्रिलला चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांच्यापासून बनणारी चुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि दोन महिन्यांत आपल्याकडच्या वाहन कारखान्यांची धांदल उडाली. "मामा, अख्खी स्कूटर तयार आणि मूठभर चुंबकांसाठी काम अडलेलं. ज्या वस्तूवाचून जगाचं अडतं, ती काढणाऱ्याचा शेअर वर नाही जाणार तर कुणाचा जाणार?" असे म्हणून त्याने मोबाइलवर मला काही कंपन्यांची नावे दाखवली. काहींच्या खाणी अमेरिकेत, काहींच्या ऑस्ट्रेलियात. उरलेल्या जुन्या चुंबकांतून धातू परत मिळवणाऱ्या.

बहिणीच्या त्या सहा लाखांकडे मला नुसता आकडा म्हणून पाहता येत नव्हते. मेहुणे गेल्यावर तिच्या हाती जे आले, त्यातला तो शेवटचा मोठा तुकडा. म्हणून हो-नाही काही न बोलता मी महिनाभराची मुदत मागून घेतली. बँकेत असताना कर्जाच्या अर्जावर जे करायचो, तेच करायचे ठरवले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, या धातूंचे नावच फसवे आहे. एकूण सतरा मूलद्रव्ये. त्यांतले सीरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतके आहे. अडचण ही की ती एकत्र, थोडी थोडी आणि एकमेकांना चिकटून राहतात. रासायनिक स्वभाव इतका सारखा की एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढायचे म्हणजे आम्ल आणि द्रावक यांच्या टाक्यांतून तेच मिश्रण शेकडो वेळा फिरवावे लागते. वर खनिजात बहुधा किरणोत्सारी थोरियम. तेव्हा खाण असणे ही निम्मी गोष्टसुद्धा नव्हे. खरा धंदा त्या टाक्यांचा. आणि गेली तीन-चार दशके त्या टाक्या चीनने वाढवल्या, इतरांनी बंद केल्या. नदीत काय सोडले जाते, याचा हिशेबही तिकडे बरीच वर्षे कुणी मागितला नाही.

भाच्याने सांगितलेली अमेरिकेतली खाण कॅलिफोर्नियात माउंटन पास येथे आहे. १९४९ मध्ये युरेनियम शोधणाऱ्यांना ती सापडली. पुढे रंगीत दूरदर्शन संचांच्या लाल रंगासाठी युरोपियम लागू लागले आणि खाणीला बरकत आली. २००२ मध्ये ती थांबली. सप्टेंबर २०१० मध्ये जपान आणि चीन यांच्यात एका मासेमारी बोटीवरून तंटा झाला, जपानला जाणारा माल अडला आणि जगाला एकदम जाग आली. त्याच्या दोनच महिने आधी मॉलिकॉर्प ही या खाणीची मालक कंपनी १४ डॉलरला एक या भावाने बाजारात उतरली होती. २०११ च्या उन्हाळ्यापर्यंत तिचा शेअर सत्तरच्या वर गेला.

इथपर्यंतची गोष्ट भाच्याच्या गोष्टीशी तंतोतंत जुळते. पुढची मी त्याला मुद्दाम सावकाश सांगितली. भाव चढले तसे वापरणारे शहाणे झाले. कुणी चुंबकातला धातू कमी केला, कुणी साठा संपवला, कुणी पर्याय शोधला. चीनविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत खटला झाला, चीन हरला आणि २०१५ मध्ये त्याने निर्यातीचा कोटाच उठवला. तोवर भाव गडगडले होते. मॉलिकॉर्पने मात्र तेजीच्या भावाच्या हिशेबाने कर्ज काढून नवा कारखाना उभारला होता. जून २०१५ मध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तेव्हा डोक्यावर सुमारे १.७ अब्ज डॉलरचे कर्ज होते. खाण तिथेच, माल तिथेच, जगाची गरजही तशीच. शेअरवाल्याच्या हाती फक्त कागद. २०१७ मध्ये तीच खाण लिलावात २ कोटी ५ लाख डॉलरला गेली.

यात आणखी एक विलक्षण धागा आहे. निओडायमियम, लोखंड आणि बोरॉन यांचे हे जबरदस्त चुंबक १९८०च्या दशकात जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शास्त्रज्ञांनी जवळपास एकाच वेळी शोधले. जनरल मोटर्सने त्यासाठी मॅग्नेक्वेंच नावाचा विभाग काढला आणि १९९५ मध्ये तो विकून टाकला. घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या. काही वर्षांत चुंबके बनवण्याचे काम अमेरिकेतून चीनला गेले. पुढे मॅग्नेक्वेंच ज्या कंपनीत विलीन झाली होती, ती २०१२ मध्ये सुमारे १.३ अब्ज डॉलर मोजून विकत घेतली कुणी? मॉलिकॉर्पनेच. बुडायच्या तीन वर्षे आधी! कादंबरीत असा योगायोग घातला असता तर संपादकांनी 'जरा जास्तच होतंय' म्हणून शेरा मारला असता.

त्याच मंदीत ऑस्ट्रेलियातली लायनस मात्र तगली. २०११ मध्ये जपानच्या सरकारी संस्थेने आणि सोजित्झ या व्यापारी कंपनीने तिला २५ कोटी डॉलर देऊ केले होते. दिवस वाईट आले तेव्हा व्याज उतरवले, मुदत वाढवली. जपानला पैसे वसूल करण्यापेक्षा माल येत राहण्याची काळजी होती. असा धनको मॉलिकॉर्पला नव्हता.

हे वाचताना मला रायगड जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना आठवत राहिला. १९९० नंतरची गोष्ट. औषधाला लागणारे एक रसायन तिथे व्हायचे. मालक सचोटीचा, माल चोख, मागणी भरपूर. कर्जाची शिफारस माझीच होती. आयातशुल्क उतरले, चीनचा माल त्याच्या उत्पादनखर्चाहून कमी भावात येऊन पडला आणि दीड वर्षात दाराला कुलूप लागले. त्या अर्जात खोटे एक अक्षर नव्हते. मागणी किती, हे पहिल्याच पानावर होते. भाव कोण ठरवणार, हे विचारायचे मीच विसरलो होतो. तारण ठेवलेल्या घराची किल्ली त्यांच्या पत्नीने माझ्या टेबलावर आणून ठेवली, तेव्हाचा तो आवाज अजून कानात आहे.

भाच्याचा युक्तिवाद असा की, आता सरकारे मागे उभी आहेत. ते खरे आहे. माउंटन पासची आजची मालक एमपी मटेरियल्स हिच्यात जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ४० कोटी डॉलर घातले आणि दहा वर्षांसाठी किलोला ११० डॉलर हा किमान भाव बांधून दिला, तेव्हाच्या बाजारभावाच्या जवळजवळ दुप्पट. शेअर एका दिवसात पन्नास टक्के उडाला. आपल्या उसाला असतो तसा हमीभावच म्हणा ना! पण गंमत पाहा : या हमीचा बराचसा लाभ करार जाहीर झाला त्याच दिवशी किमतीत जाऊन बसला. गणपतीत घेणाऱ्याने तो विकत घ्यायचा आणि पुढची दहा वर्षे वॉशिंग्टनकडे डोळे लावून बसायचे.

जुन्या चुंबकांच्या कंपन्यांबद्दल मला जास्त आपुलकी वाटते. भंगारातून काही निर्माण करणारा माणूस आपल्याला आवडतोच. पण कुर्ल्याच्या भंगारवाल्याला विचारा. हार्ड डिस्कमधले चुंबक काही ग्रॅमचे, ठिसूळ आणि घट्ट चिकटवलेले. अख्खे यंत्र चुरडले की त्याचा भुगा लोखंडाला चिकटून भट्टीत जातो आणि मळीत नाहीसा होतो. म्हणून जगातल्या या धातूंपैकी जेमतेम एक टक्का परत मिळतो, असे सांगतात. बर्मिंगहॅम विद्यापीठात हायड्रोजन सोडून चुंबकाचा जागच्या जागी भुगा करण्याची युक्ती निघाली आहे आणि ती खरोखर हुशारीची आहे. पण फ्रान्समध्ये सॉल्व्हे कंपनीने २०१२ मध्ये सीएफएल दिव्यांच्या भुकटीतून हे धातू काढायला सुरुवात केली, तेव्हाही विद्या उत्तमच होती. भाव पडले, एलईडी आले, जुन्या दिव्यांचा ओघ आटणार हे दिसू लागले आणि २०१६ मध्ये काम बंद झाले. मोटारींतली चुंबके भंगारात यायला अजून दहा-पंधरा वर्षे आहेत. तोवर कंपनी कशावर जगणार, हे विचारायला हवे.

"मग आपल्या देशातलीच कंपनी सांग," बहीण म्हणाली. आपली मुख्य कंपनी आयआरईएल, म्हणजे १९५० साली स्थापन झालेली इंडियन रेअर अर्थ्स. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरची वाळू ती चाळते आणि तिची कचेरी आहे प्रभादेवीला, सिद्धिविनायकासमोर. दर मंगळवारी रांगेत उभे राहून बहिणीने ती इमारत किती वेळा पाहिली असेल! पण ती पूर्णपणे केंद्र सरकारची, तिचा शेअर बाजारात मिळत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने देशात चुंबके बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, त्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला. आवाजात विजय होता. मी म्हटले, योजना चांगलीच आहे, देशाला ती हवीच होती. कारखाना कोण काढतोय, धातू कुठून आणतोय आणि चीनने उद्या भाव निम्मा केला तर त्याचे व्याज कोण भरतोय, एवढे तीन प्रश्न लिहून घे. उत्तर मिळेल त्या दिवशी माझेही पन्नास हजार घेऊन जा.

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, मी माझे घालतोय. बोनसचे. आईचे नाही."

"घाल की," मी म्हटले. "तुझी नोकरी आहे, तिशी आहे."

डिसेंबरात बहिणीने ठेव पुन्हा बँकेतच ठेवली, तीन वर्षांसाठी. व्याज पूर्वीपेक्षा कमी मिळणार म्हणून ती माझ्यावर अजून थोडी नाराज आहे.