मोरा ते करंजा : शिलालेखांतील उरण बेटाची पायवाट

उत्तर कोकणच्या शिलाहारांचे दानलेख वाचताना स्थलनिश्चयाचे काम बहुधा नकाशावरच उरकण्यात येते. उरण बेटापुरते तरी हे काम पायांनी करावे, असे आमचे मत आहे. बेट लहान आहे. सकाळी मोरा बंदरात उतरल्यास लेखांत आलेली स्थळे सायंकाळपर्यंत सावकाश पाहून होतात. गेल्या पौषात आम्ही ही फेरी केली, तिचा इत्यर्थ येथे देतो.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्यास लाँच जाते. प्रवास सुमारे तासाभराचा. वाटेत डाव्या हातास घारापुरी दिसते. तेथील एक शिलालेख पोर्तुगीजांनी आपल्या देशी पाठविला, तो पुढे सापडला नाही. मोऱ्यास ओहोटीला गाळ उघडा पडतो व होड्यांना खोळंबावे लागते. या मुलखातील अंतर कोसांनी नव्हे, तर भरती-ओहोटीने मोजावयाचे असते, हे येथेच ध्यानात येते. त्याचा उपयोग पुढे होईल.

बेटावर उत्तरेस एक व दक्षिणेस एक असे दोन डोंगर असून मध्ये सखल भूमी आहे. मोरा उत्तरेच्या डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे. मीठ व मोहाची दारू हे एकोणिसाव्या शतकात या बेटाचे मोठे व्यापार होते. मोहाची फुले गुजरातेतील पंचमहालांतून येत. मोऱ्याहून चालत उरण गावी गेले म्हणजे ग्रामदेवता उरणावतीचे देऊळ लागते. लोक गावाचे नाव देवीवरून पडले असे सांगतात. ते काही असो, 'उरण' हे नाव शके 1182 च्या लेखात आहे, इतके निश्चित.

उरणच्या पश्चिमेस नागाव. पहिल्या अपरादित्याच्या शके 1060 (इ. स. 1138) च्या चाणजे येथील लेखात मातेच्या पुण्यार्थ नागुम गावचे एक शेत दिल्याची नोंद आहे; नागुम म्हणजेच हे नागाव. याच अपरादित्याने तेजःकंठ नामक पंडितास काश्मीरला पाठविल्याचे मंखाच्या श्रीकंठचरितावरून कळते. काश्मीरच्या विद्वत्सभेत ज्याचा दूत बसला, त्या राजाचे दान या समुद्रकाठच्या शेतात पाहावे, यात संस्कृतज्ञास विशेष संतोष वाटेल.

तेथून परत फिरून दक्षिणेस चाणजे गाठावे. येथे मिळालेला सोमेश्वराचा लेख शके 1182 (इ. स. 1260) चा आहे. उरणातील या गावच्या कोंथळेस्थान नामक वाडीचे 162 पारुत्थ द्रम्म उत्पन्न श्रीस्थानक, म्हणजे ठाणे, येथील उत्तरेश्वर महादेवास त्यात दिले आहे. उरणच्या वाडीचे उत्पन्न ठाण्याच्या देवास का, असा प्रश्न नकाशा पाहणारास पडतो. मोऱ्याच्या धक्क्यावर उभे राहिलेल्यास तो पडत नाही. खुष्कीची वाट खाड्यांमुळे आडवळणाची. उलट भरतीबरोबर होडी खाडीने थेट वर जाते. देव दूरचा असला तरी जलमार्गाने शेजारचाच होता, असे आम्हांस वाटते.

चाणज्यापुढे द्रोणागिरी व त्याच्या पायथ्याशी करंजा. पोर्तुगीजांनी, व त्यांच्या मागून इंग्रजांनी, दक्षिणेकडील या एका गावाचे नाव साऱ्या बेटास दिले. म्हणून इ. स. 1782 च्या सालबाईच्या तहात साष्टी व घारापुरी यांच्या जोडीला जे 'कारंजा' इंग्रजांकडे कायम झाले, ते उरण बेटच होय. वऱ्हाडातील कारंजाशी त्याचा काही संबंध नाही. दप्तरांच्या याद्या करणारांनी हे अवश्य ध्यानी ठेवावे.

आता मुख्य गोष्ट. नागाव व चाणजे ही गावे कळली. कोंथळेस्थान कळले नाही. वाडीवाल्यांकडे आम्ही पुष्कळ विचारपूस केली, परंतु ते नाव ओळखणारा कोणी भेटला नाही. अशी नावे पुस्तकांत क्वचितच येतात. ती शेतांच्या बांधांवर, खाजणांत, मिठागरांत व म्हाताऱ्यांच्या जिभेवर राहतात. ती भूमीच आता पालटत आहे. न्हावा-शेवा बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले, 12 जानेवारी 2024 रोजी उरणपर्यंत रेल्वे आली, त्याच दिवशी शिवडीहून समुद्रावरील पूलही खुला झाला. खाजणांवर भराव पडत आहेत. बांध गेला की शेताचे नाव जाते, आणि नाव गेले की दानलेखातील तेवढी ओळ कायमची मुकी होते.

शिला संग्रहालयात जपता येते. शेताचे नाव तसे जपता येत नाही. यास्तव संग्राहकांना आमची विनंती आहे की, उरणकडील जुनी खरेदीखते, इनामपत्रे, मिठागरांचे कागद व सातबाऱ्याचे जुने उतारे हाती आल्यास त्यांतील शेतांची नावे व चतुःसीमा प्रथम उतरून घ्याव्यात, आणि तो उतारा हाती धरून मोरा ते करंजा एकदा पायी जावे. एक कोंथळेस्थान सापडले तरी श्रम सार्थकी लागतील.