घंगाळावरचे नाव

दिवाळीच्या आधीचा एक रविवार आमच्या घरात माळ्याचा असतो. मी शिडीवर, पत्नी खाली आणि आई खुर्चीत बसून सूचना देणार, अशी कामाची वाटणी वर्षानुवर्षे ठरलेली आहे. माळ्यावरून उतरणाऱ्या भांड्यांत मान पितळी घंगाळाचा. न्हाणीघरात नळ आले, गीझर आला, तरी नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाचे ऊन पाणी आईला त्या घंगाळातच लागते. १९७४ साली तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी ते दिले. काठाखाली 'चि. सौ. कां.' असे घालून पुढे तिचे माहेरचे नाव कोरलेले होते. त्या वेळच्या रीतीप्रमाणे लग्नात तिचे नाव बदलले आणि रेशनकार्डापासून बँकेच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे नवे नाव चढले. जुने उरले ते त्या घंगाळावर.

'कोरलेले होते' असे म्हणतो, कारण दोन वर्षांपूर्वी मी ते पुसून टाकले.

झाले ते असे. दरवर्षी चिंच आणि रांगोळी घेऊन घंगाळ घासता घासता घरच्यांचे हात भरून येत. यंदा यंत्रयुगाचा लाभ घ्यावा म्हणून मी ते एका पॉलिशच्या दुकानात नेले आणि ऐटीत सांगितले, "अगदी नव्यासारखं चकचकीत करा!" दुसऱ्या दिवशी घंगाळ असे परत आले की त्यात पाहून दाढी करावी. मी ते कौतुकाने आईसमोर ठेवले. तिचा अंगठा सवयीने काठाखाली गेला. इकडून तिकडे फिरला, पुन्हा परत आला. तिथे काहीच नव्हते.

"छान झालंय," ती म्हणाली. "पाणी काही नाव वाचून थांबत नाही."

मी तणतणत दुकानात गेलो. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, तुम्हीच नव्यासारखं म्हणालात ना? नव्या भांड्यावर नाव कुठं असतं?" मराठी शिकवण्यावर पोट असलेला माणूस असा मराठीच्याच एका शब्दात पकडला गेला.

मग उपरती होऊन मी पुण्याच्या तांबट आळीत एका वयस्क कारागिरांकडे गेलो. त्यांच्याकडे हातोडीचे मठारकामही चालते आणि कोपऱ्यात पॉलिशचे यंत्रही आहे. घंगाळ उलटसुलट करून ते म्हणाले, "दगडाचं चाक लावलंय पहिल्यांदा. कापडाच्या चाकाचं काम होतं हे." चाका-चाकांत एवढा फरक असतो, हे मला तेव्हा प्रथम कळले. त्या दुपारी आणि पुढच्या काही दुपारी जे शिकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट ही की जिल्हई म्हणजे वरून चढवलेला थर नव्हे. कल्हई चढवतात; जिल्हई काढतात. पृष्ठभागावरचे मोठे ओरखडे लहान ओरखड्यांनी घालवायचे, लहान त्याहून लहानांनी, आणि शेवटी ते इतके बारीक करायचे की डोळ्यांना दिसेनासे व्हावेत. त्याला आपण चकाकी म्हणतो. म्हणजे प्रत्येक जिल्हईत थोडा धातू जातो. किती जाऊ द्यायचा, हे चाकाच्या निवडीवर ठरते.

ओरखडे काढायला धातूहून कठीण कण लागतात. आपल्याकडचा जुना कण कुरुंदाचा. काठिण्याच्या मोजपट्टीवर हिरा दहा, तर कुरुंद नऊ. तमिळ 'कुरुंदम' शब्दावरूनच इंग्रजांनी त्या दगडाला 'कोरंडम' म्हटले. पुढे १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन कृत्रिम हिरे करायला निघाला. माती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून त्याला मिळाले निराळेच चकचकीत खडे. ते कार्बन आणि कोरंडमच्या संयोगातून झाले असावेत, असे समजून त्याने नाव ठेवले 'कार्बोरंडम'. समजूत चुकली, वस्तू मात्र जगभर गेली. हार्डवेअरच्या दुकानात आपण ऐटीत कार्बोरंडम मागतो, त्याच्या पोटात आपल्याच मुलखातला शब्द दडलेला असतो.

आज चाके मुख्यतः या दोन कणांची मिळतात. पोलादाला ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे कृत्रिम कुरुंदाचे, चाक बरे; कारण पोलादाच्या तापल्या पृष्ठभागावर कार्बोरंडमचे कण लवकर झिजतात. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम, काच आणि दगड यांना कार्बोरंडम चालते. कणांचा जाडेपणा नंबराने सांगतात. तो मुळात चाळणीचा हिशेब आहे: एका इंचात भोके जितकी जास्त, तितका नंबर मोठा आणि कण बारीक. ऐंशी नंबर म्हणजे जाडा रवा, चारशे म्हणजे मैदा समजावा. खोल गंज असेल तर ऐंशीपासून सुरुवात करावी. पण धातू गुळगुळीत असून नुसता काळवंडला असेल, तर या कणांच्या चाकांच्या वाटेस जाऊच नये. पायरी बदलताना वस्तू आडवी फिरवून धरावी, म्हणजे नवे ओरखडे जुन्यांना काटतात आणि जुने संपले की नाहीत ते स्पष्ट दिसते. घाईने मधली पायरी गाळली, तर शेवटच्या चकाकीत जुनी रेघ हमखास वर येते.

यापुढची चाके मऊ, आणि घरच्या भांड्यांना बहुधा हीच पुरतात. घायपाताच्या धाग्याचे चाक त्यांत राकट. ते पोलादाला योग्य. सुती कापडाच्या चकत्या एकावर एक शिवून केलेले चाक पितळेला. त्याच्या शिलाईच्या ओळी जितक्या जवळ, तितके ते कडक. शेवटचा हात सैल चकत्यांच्या चाकाचा, आणि चांदीसोन्याला मऊ फ्लॅनेलचा. कापड स्वतः कापत नाही. त्याला लावलेली वडी कापते. पितळ-तांब्याला तपकिरी ट्रिपोली, स्टेनलेस स्टीलला हिरवी, चांदीसोन्याला तांबडी. ही तांबडी वडी लोहाच्या ऑक्साइडची, म्हणजे आपल्या गेरूची सख्खी बहीण. एका चाकाला एकच वडी लावावी. हिरवीच्या चाकावर तांबडी लावणे म्हणजे तिखटाच्या पाट्यावर चंदन उगाळणे. मुलामा दिलेली भांडी मात्र कोणत्याच चाकाला देऊ नयेत. तो थर इतका पातळ असतो की चकाकी येण्याआधीच तो जातो.

एवढे ज्ञान होताच मला शहाणपणाची बाधा झाली. दारावरची ॲक्रिलिकची पाटी धुरकट झाली होती. घरच्या ड्रिलला कापडी चाक बसवले, वडी लावली आणि जोर दिला. क्षणभरात आमच्या आडनावाचे शेवटचे अक्षर पातळ होऊन शेजारच्या अक्षराला जाऊन मिळाले. म्हणजे आईचे नाव पुसून मी थांबलो नव्हतो, स्वतःचेही वितळवले!

कारागीर काका मनसोक्त हसले, मग समजावू लागले. घासले की उष्णता होतेच. पितळ ती लगेच अंगभर पसरवते. ॲक्रिलिकपेक्षा त्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ती शेकडो पट. ॲक्रिलिकमध्ये ती जागच्या जागी साठते, आणि शंभर अंशांच्या आसपास ते मऊ पडते. म्हणून प्लॅस्टिकला सैल, मऊ चाक, त्याची खास बारीक वडी, हलका हात आणि कमी वेग. वेग नुसत्या फेऱ्यांवर मोजू नये. आठ इंची चाक मिनिटाला २८०० फेरे घेत असेल, तर त्याची कड ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेगाने धावते. चार इंची चाकाची त्याच्या निम्म्याने. पाटीसाठी लहान चाक घ्यावे, फेरे निम्मे करावेत आणि वस्तू एका जागी न ठेवता हलती ठेवावी.

ताशी शंभरचा आकडा ऐकल्यावर काळजीच्या गोष्टी वेगळ्या सांगायला नकोत, तरी सांगतो. चाकावर लिहिलेल्या कमाल फेऱ्यांपेक्षा यंत्राचे फेरे जास्त नसावेत. दगडी चाक बसवण्यापूर्वी टांगते धरून लाकडी मुठीने वाजवावे. खणखणीत वाजले तर साबूत, बद्द वाजले तर आत तडा. बाजारातून मडके आपण असेच वाजवून घेतो की! डोळ्यांना चष्मा असावा. हातमोजे, पदर आणि लोंबती बाही चाकाजवळ नसावी. कापडी चाकावर वस्तू मध्याच्या खाली धरावी आणि तिची धारदार कड फिरत्या चाकाच्या सामोरी देऊ नये, नाहीतर चाक ती हातातून हिसकून घेते.

निघताना मी विचारले, "काका, त्या चाकवाल्याला नाव दिसलं नसेल का हो?"

"त्याला दिसलं असेल. चाकाला काय दिसतंय? त्याला डाग आणि नाव सारखंच. काय ठेवायचं ते आधी आपण सांगायचं, मग चाक निवडायचं."

नाव पुन्हा घालून देण्याची तयारी त्यांनी दाखवली. मी घरी येऊन आईला विचारले. ती आधी "कशाला आता?" म्हणाली. मग जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या पाठीवर ते नाव लिहू लागली. जवळजवळ पन्नास वर्षांत तिने ते लिहिले नव्हते. दुसऱ्या अक्षरापाशी हात थोडा अडला, मग सरळ पुढे गेला. काकांनी छिन्नीच्या टोकाने ठिपक्याठिपक्यांनी तेच हस्ताक्षर पितळेवर उतरवले. आजोबांनी घालून घेतलेले वळण आता नाही. हे वळण तिचे आहे.

यंदाही घंगाळ माळ्यावरून उतरले आहे. थोडे काळवंडले आहे. चिंच भिजत घातली आहे, आणि या वेळी घासणार मी आहे.