आवरण्याची दहा मिनिटे

सकाळी सातच्या सुमारास डोंबिवलीहून निघालेल्या लोकलच्या महिला डब्यात बसायला जागा मिळाली, की आधी पर्स उघडते. फणी, पावडरची डबी, टिकल्यांचे पाकीट. ठाणे येईपर्यंत वेणी होते, घाटकोपरपर्यंत चेहरा होतो आणि दादरला दाराशी जाऊन उभे राहण्याआधी लिपस्टिक लागलेली असते. समोरच्या बाकावर कुणी मेथी निवडत असते. गाडी कुठे हिसका देते हे हातांना पाठ असते, त्यामुळे काजळही सरळ लागते. पहाटे साडेचारला उठून चार डबे भरणाऱ्या बाईला घरी आरशासमोर उभे राहायला सवड मिळालेली नसते, म्हणून ती वाटेत आवरते.

मराठीत ‘आवरणे’ हा शब्द घरालाही लागतो आणि स्वतःलाही. ओटा आवरायचा, मुलांचे आवरायचे, आणि उरलेल्या वेळात स्वतःचे आवरायचे. तरीही ‘बायकांना आवरायला फार वेळ लागतो’ हा विनोद प्रत्येक लग्नाला निघताना होतोच.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. झोप, जेवण, अंघोळ, कपडे, वेणीफणी, म्हणजे स्वतःच्या शरीरासाठी जे जे करावे लागते ते सारे त्यात ‘स्वतःची निगा’ या एकाच सदरात येते. सहा वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी ७०६ मिनिटे देतात आणि पुरुष ७१० मिनिटे. विनोद करणाऱ्यांनी ही चार मिनिटे लक्षात ठेवावीत. घरातली बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला २८९ मिनिटे निघाला, ती कामे करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे.

या सर्वेक्षणाची पद्धतही पाहण्यासारखी आहे. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीची पहाटे चार असा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत विचारला जातो. एका तुकड्यात अनेक कामे झाली असतील, तर किमान दहा मिनिटे चाललेलीच नोंदली जातात. दूध उतू जाण्याच्या आत घातलेली वेणी किंवा मुलुंड ते विक्रोळी एवढ्या वेळात लावलेले काजळ अशा नोंदीत यायचे कुठून?

दुसऱ्या टोकाचा आकडाही अधूनमधून वाचायला मिळतो. ९३ देशांतील सुमारे ९३ हजार लोकांना विचारून केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रिया रूपासाठी दिवसाला सरासरी चार तासांच्या आसपास देतात असे दिसले. मात्र त्या चार तासांत आकर्षक दिसण्यासाठी केलेला व्यायाम आणि खाण्यावरचे नियंत्रणही धरलेले होते आणि पुरुषांचा आकडा फार मागे नव्हता. तीन पाळ्यांत काम करणारी परिचारिका, एसटीची वाहक किंवा अंगणवाडी सेविका या चार तासांत कुठेच बसत नाही. तिच्याकडे रोजची दहा मिनिटे असतात, रविवारी फार तर एक तास. ती कशावर खर्च झाली, हे सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात रोज पाहायला मिळते.

निरोगी त्वचेला खरे तर या दहांतली चार-पाच मिनिटेही पुरतात. त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू पाचच्या आसपास. अंगाचा साबण बहुधा अल्कधर्मी, सामू नऊ-दहा. म्हणून दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुणारीचा चेहरा स्वच्छ होण्याऐवजी कोरडा आणि चिडका होतो. सौम्य फेसवॉशने दोनदा धुणे पुष्कळ झाले. चेहरा थोडा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावले तर पाणी आत धरून ठेवले जाते. पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर तेच कमी उपयोगी ठरते. बाहेर पडायचे असेल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन, आणि तेही वाटाण्याएवढे नव्हे. तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा काढल्यावर जेवढे होते, तेवढे चेहऱ्याला आणि मानेला लागते. ज्यांच्या गालांवर वांग आहेत त्यांनी रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेले सनस्क्रीन घ्यावे, कारण आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत वांग गडद करण्याचे काम अतिनील किरणांबरोबर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही करतो. साधे पांढरे सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

केसांना तेल लावण्यात वेळ वाया जातो असे समजण्याचे कारण नाही. खोबरेल तेलाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले होते. ते संशोधक खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीचे होते हेही सांगायला हवे. केस तुटणे कमी होते एवढाच याचा अर्थ. मुळाशी तेल चोळल्याने नवे केस उगवत नाहीत.

खरा वेळ जातो तो वेगळ्याच गोष्टींवर.

तिशीतली बाई येते. मान काळी पडली आहे, मळ बसला आहे, घासून जात नाही. लिंबू झाले, बेसन झाले, खाण्याचा सोडा झाला, वर्षभर रोज पाच मिनिटे वज्रीने घासून झाले. मान आता काळीही आहे आणि सोललेलीही. तो मळ नसतोच. मानेवर, काखेत, मखमलीसारखी जाडसर झालेली काळी त्वचा म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असते. रक्तात वाढलेले इन्शुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावते, म्हणून ती जाड आणि गडद होते. अशा बाईला साबण बदलण्याऐवजी वजन करायला आणि कंबर मोजायला सांगितले जाते (भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटरच्या आत हवी), रक्तातली साखर तपासली जाते. त्यातल्या काही जणींना मधुमेह आहे हे त्या दिवशीच कळते. वजन उतरले की मान हळूहळू उजळते. घासून कधीच उजळत नाही. उलट नायलॉनच्या घासणीने पाठ आणि हात वर्षानुवर्षे घासणाऱ्यांच्या त्वचेवर घर्षणामुळेच राखाडी-काळे पट्टे उमटतात, आणि ते जावेत म्हणून आणखी घासले जाते.

हनुवटीवरच्या केसांचेही असेच. दर आठवड्याला दोरा फिरवून घेणारी मुलगी पार्लरमधल्या ताईंशी मोकळेपणी बोलते, पण पाळी दोन-दोन महिने येत नाही हे तिथे सांगण्याचा प्रश्न येत नाही. हनुवटीवर राठ केस, जबड्याच्या कडेने मुरुम आणि अनियमित पाळी हे तिन्ही एकत्र असले, तर पीसीओएसची तपासणी व्हायला हवी. दोरा फिरवल्याने केस वाढतात हा समज मात्र खोटा आहे. केस वाढवतात ती संप्रेरके.

केस गळण्याची तक्रार तर रोजची. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते. त्याहून अधिक, पुंजक्यांनी गळू लागले तर गेल्या दोन-तीन महिन्यांत काय झाले ते आठवावे: बाळंतपण, डेंगी, टायफॉइड, एखादे मोठे आजारपण. तसे काही नसेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. कांद्याच्या रसाच्या तेलावर महिन्याला पाचशे रुपये घालवणाऱ्या बाईच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहिली तर ती कागदासारखी पांढरी असते. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण बाई तिथे जायला वेळ काढत नाही. पिवळट दिसणाऱ्या ओठांवर लिपस्टिक आणि फिकट नखांवर नेलपॉलिश लागते, आणि घरातल्या कुणाच्याच ते ध्यानात येत नाही. दंडावरचा फिकट चट्टा महिनोन्महिने क्रीमखाली राहतो, टोचून पाहिल्यावर तो बधिर असल्याचे कळते आणि तो कुष्ठरोगाचा निघतो. त्याचेही उपचार मोफत आहेत आणि वेळेत घेतले तर पूर्ण गुणकारी.

वेळ नसलेल्या माणसाला झटपट उपाय पटतो. बाजारानेही हे ओळखले आहे. मैत्रिणीने किंवा औषधाच्या दुकानदाराने सुचवलेली चाळीस-पन्नास रुपयांची ट्यूब रात्री लावली की आठवडाभरात चेहरा खरोखर उजळ दिसतो, मुरुम बसतात. त्यात बहुतेक वेळा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांसारखे स्टिरॉइड असते. स्टिरॉइड त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि दाह दाबते, म्हणून हा उजाळा. पुढच्या काही महिन्यांत त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरांचे जाळे दिसू लागते, बारीक लव वाढते, मुरुम पुन्हा आणि अधिक जोराने येतात. क्रीम थांबवले तर चेहरा लाल होतो, जळजळतो, उन्हात उभे राहवत नाही. म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब लावते. देशातील १२ केंद्रांत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. बंदी कागदावर आहे. दुकानात नुसते ट्यूबचे नाव सांगितले तरी ती आजही सहज मिळते. सुटका करून घ्यायला सहा महिने ते वर्षही लागते आणि पहिले काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. हे आधी नीट समजावून सांगितले नाही, तर बाई दुसऱ्या भेटीला येतच नाही.

याहून वाईट गोष्ट पाऱ्याची. लेबल नसलेल्या किंवा परदेशातून आणल्याचे सांगून विकल्या जाणाऱ्या काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असतो. तो रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराला अडवतो, म्हणून रंग उजळतो; पण त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यातील एकाच कुटुंबातल्या तीन जणींची मूत्रपिंडे अशा क्रीममुळे बिघडली. ते क्रीम एका ब्युटीशियनकडून आले होते आणि त्यातला पारा मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत सापडला. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या चाळणीचा एक विशिष्ट आजार असलेले २२ रुग्ण अभ्यासले. त्यांतल्या १५ जणांत आजाराचा एक विरळा प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते. सकाळी चेहऱ्यावर सूज, संध्याकाळी पायांवर सूज आणि लघवीला फेस, अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांना क्रीमचे नाव सांगावे, शक्य तर डबीच दाखवावी. ‘कुठले औषध घेता का?’ या प्रश्नाला बायका ‘नाही’ म्हणतात, कारण क्रीमला कुणी औषध समजत नाही.

टिकलीखाली पांढरा डाग पडू लागला, तर त्याचे कारण बहुधा डिंकातले एक रसायन असते. अशा वेळी टिकली लगेच बंद करावी. दिवसातून दोन तास लावली तरी डाग पसरू शकतो. केसांच्या काळ्या रंगातील पीपीडी या रसायनाची अॅलर्जी आहे का, हे कानामागे थोडा रंग लावून ४८ तास थांबल्याशिवाय कळत नाही. रविवारच्या एका तासात हे ४८ तास बसत नाहीत, आणि सोमवारी डोळे सुजलेल्या अवस्थेत बाई बाह्यरुग्ण विभागात येते. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही बहुतेकदा तेच रसायन असते.

आरशात न दिसणारा भाग म्हणजे हात. चेहऱ्यासाठी चार वस्तू असलेल्या पर्समध्ये हातांसाठी काही नसते. दिवसातून आठ-दहा वेळा पाणी, भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, फरशीचे फिनेल, त्यावर लसूण सोलणे. बोटांची टोके फाटतात, अंगठीखाली खाज सुटते, पिठात हात घातला की झोंबते. याला इसब म्हणतात आणि तो कामातून येतो. उपचार अवघड नाहीत: काही दिवस डॉक्टरांनी दिलेले मलम, आत सुती आणि वर रबरी हातमोजे, भांडी घासताना अंगठी काढून ठेवणे, प्रत्येक वेळी हात धुतल्यावर आणि रात्री झोपताना साधी व्हॅसलीन. मात्र बरे वाटू लागल्यानंतरही त्वचेची आतली भिंत पूर्ववत व्हायला काही महिने लागतात आणि तोवर पाण्यातली कामे कमी ठेवावी लागतात.

केसपेपरवर ‘पाण्यात हात घालू नये’ असे लिहिलेले वाचून दाखवले की बहुतेक बायका हसतात. मलम कितीदा लावायचे, हे त्या नंतर विचारतात. आधी विचारतात ते भांड्यांचे. सोबत कोणी आले असेल तर तेही आत बोलावून त्यांनाच हातमोज्यांचे माप सांगण्याची पद्धत काही डॉक्टरांनी पाडून घेतली आहे. मोठ्या मापाचे मोजेही दुकानात मिळतात.