डबल बेल देण्याआधी

मोटरहोम म्हणजे काय हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं समजावून सांगायला नको. एकाच खोलीत झोपणं, मॅगी शिजवणं, टॉवेल वाळत घालणं आणि भांडणं! फरक एवढाच, की ही खोली ताशी 90 किलोमीटरनं पळते.

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत अशा खोलीत मी दहा दिवस काढले. ताई आणि भाऊजी नोकरीनिमित्त ऑकलंडला असतात. बाबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा ताईनं ठरवलं की आई-बाबांना न्यूझीलंडचं दक्षिण बेट दाखवायचं, आणि तेही बाबांनीच गाडी चालवून. ख्राइस्टचर्चहून भाड्याची मोटरहोम घेतली. मी वीस वर्षांचा. तिकडे बहुतेक कंपन्या एकविसाच्या आतल्याला ही गाडी चालवायला देत नाहीत. त्यामुळे माझी नेमणूक झाली कंडक्टर म्हणून. नकाशा बघायचा, पाणी भरायचं, वायर काढायची आणि सगळं ठीक असलं की डबल बेल द्यायची, म्हणजे तोंडानं ‘टिंग टिंग’ म्हणायचं.

उद्या तुमच्यापैकी कोणी शिकायला किंवा नोकरीला तिकडे जाईल आणि आई-वडिलांना असंच फिरवेल. म्हणून आम्ही जे शिकलो ते सांगतो. त्यातला एक धडा मला चांगलाच महाग पडला.

आधी झोप, मग स्टिअरिंग

न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. मुदतीतलं आणि इंग्रजीत असलेलं भारतीय लायसन्स प्रवाशाला चालतं. म्हणून लोक विमानतळावरून थेट गाडीत बसतात. पण तिकडच्या उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं. तिथे सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या हिशेबानं रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. आदल्या दिवशीच्या लांबलचक विमानप्रवासाचा शीण असतोच. बाबा म्हणाले, “नाइट आउट करून आलेल्या ड्रायव्हरला डेपोत लगेच दुसरी ड्यूटी देत नाहीत.” आम्ही एक रात्र गावातच झोपलो आणि गाडी दुसऱ्या दिवशी ताब्यात घेतली.

आणखी एक. खाण्याचे डबे नेणार असाल तर विमानतळावर ते जाहीर करा. लपवलेलं सापडलं तर 400 डॉलर दंड. मध तर नेऊच नका. आईच्या चकल्या आम्ही जाहीर केल्या. अधिकाऱ्यांनी त्या उघडून बघितल्या आणि परत दिल्या.

ही कार नव्हे

आमची गाडी सात मीटर लांब आणि तीन मीटरहून उंच होती. उंचीचा आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. पेट्रोल पंपाचं छप्पर, झाडाची फांदी, पार्किंगचा आडवा दांडा हे नजरेत येत नाहीत, आणि टपाला झालेली इजा अनेकदा विम्यात धरतच नाहीत. करार सही करण्याआधी वाचा. कोणत्या रस्त्यांवर गाडी न्यायला बंदी आहे तेही त्यातच असतं.

मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा साधारण 100 असते, पण साडेतीन टनांवरच्या गाडीला 90. वस्तुमान जास्त म्हणजे थांबायला अंतर जास्त, हे आपण पहिल्या वर्षालाच शिकतो. भिंतीसारखी उभी बाजू असल्यानं आडव्या वाऱ्याचा धक्काही जबरदस्त बसतो. कँटरबरीच्या मैदानात वायव्येचा वारा सुटला की दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरावं लागतं. थांबल्यावर दार उघडतानाही ते धरून उघडा, नाहीतर वारा ते बिजागरीसकट उलटं करतो. मागे गाड्यांची रांग लागली तर सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या आणि त्यांना जाऊ द्या.

अंतराचा हिशेब कारच्या वेळेनं करू नका. ख्राइस्टचर्च ते टेकापो सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. कारला तीन तास लागतात. आम्हाला थांबत-थांबत पाच लागले.

एकपदरी पूल तिकडे जागोजाग आहेत. लाल कडेचा गोल फलक असेल आणि त्यात तुमच्या दिशेचा बाण छोटा व लाल असेल, तर तुम्ही थांबायचं. निळ्या चौकोनी फलकावर तुमचा बाण मोठा व पांढरा असेल, तर आधी जाण्याचा हक्क तुमचा. तरीही बाबा प्रत्येक पुलाआधी वेग कमी करून पलीकडे बघायचे. म्हणायचे, “हक्क फलकावर असतो, समोरचा ड्रायव्हर रस्त्यावर असतो.”

वीज, पाणी आणि दुसरं पाणी

आमच्या गाडीत दोन प्रकारची वीज होती. दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिज 12 व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर. भिंतीतले 230 व्होल्टचे सॉकेट मात्र कॅम्पच्या खांबाला वायर जोडली तरच चालू. पहिल्या रात्री आम्ही विजेची सोय नसलेल्या जागी उतरलो. ताईनं राइस कुकर लावला आणि अर्ध्या तासानं झाकण उघडलं, तर पाण्यात तांदूळ! हिशेब सोपा आहे. 100 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 1200 वॉट-अवर, आणि लेड-अॅसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरावेत. 2000 वॉटची शेगडी त्यावर चालवायची म्हटली तर 160 अँपिअरहून जास्त करंट लागेल. त्यामुळे साधा प्रेशर कुकर न्या आणि गॅसवर शिजवा. शिजवताना खिडकी उघडी ठेवा, आणि निघताना सिलिंडरचा कॉक बंद करा.

स्वच्छ पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि टॉयलेटची पेटी ही तीन वेगळी खाती. सांडपाणी आणि पेटी फक्त डंप स्टेशनवरच रिकामी करायची. हे काम कंडक्टरकडे होतं, अधिक वर्णन करत नाही. पाणी भरताना झाकणावरची अक्षरं वाचा. डिझेलच्या टाकीत पाणी सोडणारे महाभाग असतात म्हणे.

रात्री वाटेल तिथे गाडी लावून झोपता येत नाही. जिथे मोफत मुक्कामाची परवानगी असते तिथेही बहुधा स्वयंपूर्ण गाडीच चालते. 2023 च्या कायद्यानं अशा गाडीत टॉयलेट कायमचं बसवलेलं असणं सक्तीचं केलं.

माझी चूक

बाबांची एसटीतली सवय होती. सीटवर बसण्याआधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी. टायर, आरसे, खाली काही गळतंय का, कोणी झोपलंय का. सुट्टीतही ते रोज फेरी मारत, आणि मला ते जरा जास्तच वाटे.

ते अनाऊच्या कॅम्पवर सकाळी उशीर झाला. मिलफर्ड साउंडच्या बोटीचं बुकिंग होतं, अंतर सुमारे 120 किलोमीटर आणि सगळा रस्ता डोंगरातला. बाबा फेरीसाठी उतरायला लागले. मी म्हटलं, “बाबा, मी सगळं बघितलंय. चला.” आणि दिली डबल बेल.

वायर अजून खांबालाच होती.

आधी झटका बसला, मग फाडल्यासारखा आवाज. गाडीच्या कुशीतला सॉकेट चौकटीसकट बाहेर लोंबत होता आणि तुटलेल्या प्लगच्या उघड्या तारा गवतात. मी उडी मारून त्या उचलायलाच निघालो होतो. बाबांनी कॉलर धरून मागे ओढलं. खांबाकडचा करंट चालूच होता. कॅम्पच्या माणसानं तिकडचा स्विच बंद केल्यावरच आम्ही जवळ गेलो. बोट गेली, दुरुस्तीचे पैसे ताईच्या डिपॉझिटमधून गेले, आणि बाबांच्या हातून गाडीला लागलेलं पहिलं नुकसान माझ्यामुळे झालं.

ते रागावले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, “कंडक्टरनं डबल बेल दिली की ड्रायव्हर विश्वास ठेवतो. त्याला मागचं दार दिसत नसतं. बघितलं नसेल तर ‘बघतो’ म्हणायचं, ‘बघितलं’ म्हणायचं नाही.”

व्हायव्हाला न केलेल्या प्रॅक्टिकलचं रीडिंग ठोकून सांगणारे आपण! मला ते फार लागलं.

निघण्यापूर्वीची फेरी

त्या रात्री मी कागदावर यादी केली. तीच इथे देतो.

1. बाहेरची वायर आणि पाण्याचा पाइप काढून आत ठेवला?
2. गॅस बंद?
3. टपावरची झडप आणि खिडक्या बंद?
4. कपाटं, ड्रॉवर, फ्रिज यांच्या कड्या लागल्या? (पहिल्याच वळणावर आमचा स्टीलचा डबा आईच्या पायावर आला होता.)
5. पायरी आत, टायर ठीक, खाली काही गळत नाही?
6. सगळ्यांचे पट्टे लागले?

प्रत्येक गोष्ट हात लावून बघायची आणि मोठ्यानं म्हणायची.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मिलफर्डला निघालो. वाटेत होमर बोगदा लागतो, सव्वा किलोमीटरचा आणि आतून तीव्र उताराचा. बाबांनी ब्रेकवर पाय दाबून न धरता गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली आणि घाट उतरावा तशी उतरवली. बोगद्याच्या अलीकडे सिग्नलला थांबलो असताना केआ नावाचे हिरवे पोपट येऊन खिडकीचं रबर कुरतडू लागले. आई त्यांना रागावत होती, मराठीतून!

त्या सकाळी कॅम्पवरून निघताना मी आधी एकट्यानं फेरी मारली होती. मग बाबा उतरले, आणि आम्ही दोघांनी मिळून पुन्हा एक मारली. ते सीटवर बसले, आरसा नीट केला आणि मागे न बघता म्हणाले, “हं, कंडक्टर?”

मी यादीवरून शेवटचं बोट फिरवलं आणि मग म्हटलं, “टिंग टिंग.”

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी