खोटा चावा

संध्याकाळी गल्लीत दोन कुत्री समोरासमोर येतात. एक जण पुढचे पाय जमिनीला टेकवतो, मागचा भाग उंच करतो, शेपूट गरागरा हलवतो, आणि पुढच्याच क्षणी दुसऱ्याची मान दातांत! गुरगुर, लोळालोळी, झटापट. पण रक्ताचा थेंब नाही. मार्क बेकॉफ या प्राणिशास्त्रज्ञाने हा खेळ बारकाईने पाहिला, तेव्हा ध्यानात आलं की गैरसमज होईल असा चावा असला, की त्याच्या अगदी आधी किंवा लगेच नंतर ते वाकणं नेमकं हजर असतं. जणू कुत्रा बजावतोय, 'हे खेळातलं बरं का!'

१९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांची लुटुपुटूची मारामारी बघताना ग्रेगरी बेटसन हा मानववंशशास्त्रज्ञ याच कोड्यापाशी थबकला होता. चावा आहे, पण चाव्याचा अर्थ नाही! केवढी ही बौद्धिक झेप, आणि ती मुक्या जनावरांना जमते!

आता हेच कोडं माणसात बघू. ब्रिटन-अमेरिकेतल्या अनेक शहरांत काही प्रौढ माणसं एकत्र जमून कुत्र्याचं पिल्लू होतात. कान असलेला निओप्रीनचा किंवा चामड्याचा मुखवटा, म्हणजे 'हूड'. पिल्लू तो 'पप', त्याला सांभाळणारा 'हँडलर', आणि गाद्या अंथरून सगळ्यांनी मिळून घातलेला धिंगाणा म्हणजे 'मॉश'. बघणारा पटकन म्हणतो, 'हे स्वतःला कुत्रा समजतात, डोकं फिरलंय.' पण त्यांच्या गुडघ्यांकडे बघा. तिथे जाड पॅड बांधलेले असतात. गुडघे सोलवटू नयेत म्हणून आधीच तजवीज करणारा माणूस आपण माणूस आहोत हे विसरलाय, असं कसं म्हणायचं? खऱ्या कुत्र्यांशी यांचं काहीतरी भलतंच असेल, हा तर निव्वळ अन्याय. या खेळात समोर असते ती प्रौढ, राजीखुशीने आलेली माणसंच.

मग हा सगळा लैंगिक मामला का? काहींसाठी हो, आणि ते लपवायचं कारण नाही. या खेळाची मुळं समलिंगी पुरुषांच्या लेदर संस्कृतीत, म्हणजे चामड्याच्या पेहरावाभोवती जमलेल्या मंडळींत आहेत. लिअम विग्नॉल आणि मार्क मॅकॉर्मॅक यांनी ३० समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांच्या मुलाखती घेतल्या. २०१७ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात कामसुख ठळकपणे दिसतं, पण त्याच्या शेजारीच मनाची विलक्षण सैल, शांत अवस्थाही दिसते. २०१९ मध्ये डॅरेन लँगड्रिज आणि जेमी लॉसन यांनी अनेक देशांतल्या पप मंडळींचे अनुभव तपासले. त्यांनाही सुख, विसावा, अंगमेहनतीचा खेळ, स्वतःला व्यक्त करणं आणि गोतावळा असे कितीतरी धागे सापडले.

ती शांतता येते कुठून? मला सगळ्यात थक्क करतो तो हातमोजा. मूठ झाकणारा, पंजासारखा जाड मोजा चढवला की बोटं संपली. फोन धरता येत नाही, चेन लावता येत नाही, हिशोब टिपता येत नाही! हूडमागे चेहरा गेला, म्हणजे तो नीट ठेवायची जबाबदारी गेली. शब्दांऐवजी भुंकणं आलं, म्हणजे शहाण्यासारखं बोलण्याचं ओझं उतरलं. चार पायांवर आलं की नजर गुडघाभर उंचीवर येते, आणि समोर राहतो फक्त एक रबरी चेंडू. दिवसभर आपण 'मी' नावाची केवढी गाठोडी वाहतो, ती एकेक करून खाली ठेवायची ही काय नामी युक्ती!

आणि पप म्हणजे हुकमाचा ताबेदार, हाही समज मॉशमध्ये टिकत नाही. खेळणं पळवणारे, हँडलरला दमवणारे खट्याळ पप असतात, हँडलर नसलेलेही पुष्कळ असतात. तोंडाने बोलायचं नसेल तर थांबण्याची खूण आधी ठरवून घेतात, उदाहरणार्थ पंजाने जमिनीवर दोन थापा. दोन थापा पडल्या की झटापट जागच्या जागी थांबते. हूड वर सरकतो, घामेजलेला चेहरा बाहेर येतो. पाण्याचे दोन घोट, एक श्वास. मग हूड पुन्हा खाली, कोपरं गादीला टेकलेली, कंबर उंच: गल्लीतल्या कुत्र्यासारखीच.