मॉडांची पंगत : कोण आधी, कोण नंतर?

संगणकावरचा खेळ म्हणजे धडाधड गोळ्या झाडणे, अशी वडीलधाऱ्यांची समजूत असते. ‘रिमवर्ल्ड’ हा खेळ त्या जातीचा नव्हे. लुडियन स्टुडिओजने २०१८ साली पूर्णत्वाला नेलेल्या या खेळात परक्या ग्रहावर तिघेजण येऊन आदळतात आणि त्यांचा संसार उभा करणे खेळाडूच्या हाती असते. भात पेरायचा, भिंती उभारायच्या, थंडीची नि लुटारूंची तजवीज करायची. एकेक वसाहत महिनोन्‌महिने चालते. मग ती एके रात्री उघडेनाशीच झाली, तर घरातल्या मुलाचा चेहरा पाहवत नाही!

अशा वेळी दोष पुष्कळदा मॉडांचा असतो. मॉड म्हणजे हौशी मंडळींनी मूळ खेळाला दिलेली जोड : नवी पिके, नवी यंत्रे, नवे नियम. यादीत ज्या क्रमाने ती मांडावीत, त्या क्रमाने वरून खाली खेळात चढतात. एकाच गोष्टीला दोघांनी हात लावला, तर बहुधा नंतरच्याचे चालते. मूळ खेळात तांदळाचा ढीग ७५ नगांचा. समजा, एका मॉडाने तो १५० केला आणि त्याखालच्याने २००, तर २०० हेच खरे. पहिल्याचे काम मुकाट्याने पुसले जाते.

तेव्हा रांगोळीसारखेच करावे : आधी सारवण, मग ठिपके, मग रंग. अगदी वर ‘हार्मनी’. मूळ आज्ञावली न फोडता तिच्या आगेमागे इतर मॉडांचे काम जोडण्याची सोय ते करते. मग ‘कोअर’, म्हणजे मूळ खेळ. मग २०२० च्या ‘रॉयल्टी’पासूनचे विकतचे विस्तार. त्याखाली इतरांना आधार देणारी सामाईक मॉड, मग नवी सामग्री आणणारी मोठी मॉड, आणि तळाशी दोघांत समेट घडवणारी छोटी मॉड. खेळात क्रम लावून देणारे बटण आहे खरे. पण मॉडकर्त्याने कोणाच्या आधी वा नंतर बसायचे हे लिहून ठेवले असेल, तेवढेच त्याला कळते.

तरीही बिघाड झाला तर? नोंदवहीतली पहिली लाल ओळ आधी वाचावी. तिच्यातून उलगडा न झाला, तर निम्मी मॉड बंद करून नवा डाव सुरू करून पाहावा. दोष टिकला तर तो चालू निम्म्यांत, गेला तर बंद निम्म्यांत. आधार देणारी मॉड मात्र चालू ठेवावीत. दोषी एकच असेल, तर ६४ मॉडांतूनही तो ६ फेऱ्यांत हाती लागतो.

आणि एक पथ्य. रंगलेल्या डावातून मॉड काढू नये. जतन केलेली वसाहत त्याच्या वस्तू शोधत राहते आणि अडखळते. नवे घालायचे तर एकेक घालावे, त्याआधी डावाची वेगळी प्रत ठेवावी. लावलेला क्रम वहीत उतरवून ठेवला, तर पुढच्या वसाहतीलाही तो उपयोगी पडेल.