हिंदनगरची कसोटी

कोल्हापूरच्या मातीतच रग आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे नाव घेतले की पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेलेली घरे डोळ्यांपुढे येतात. टेंबलाईवाडीला मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ वी प्रादेशिक सेनेची पलटण आहे आणि बेळगावचे रेजिमेंटल सेंटरही फार लांब नाही. हा अभिमान खरा आहे. पण जोखमीच्या कामगिरीवर महिनोन्‌महिने ताण पेलण्याची ताकद रक्तातून आपोआप येत नाही. ती घडवावी लागते. कशी घडते, हे पाहायला कोल्हापूरच्याच एका सेनापतीने पार पाडलेली विलक्षण कामगिरी फार उपयोगी आहे.

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांनी १९४५ साली ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत पलटणीचे नेतृत्व केले आणि डीएसओ हे शौर्यपदक मिळवले. पुढे आठ वर्षांनी, मेजर जनरल असताना, त्यांच्यावर जी जबाबदारी आली तिच्यात जिंकायला टेकडी नव्हती आणि समोरच्यांना शत्रूही म्हणता येत नव्हते.

जुलै १९५३ मध्ये कोरियातले युद्ध थांबले. संयुक्त राष्ट्रांच्या फौजांच्या ताब्यातल्या २२,६०४ कैद्यांनी मात्र मायदेशी परतायला नकार दिला होता. त्यांत १४,७०४ चिनी होते आणि ७,९०० कोरियन. उलट बाजूकडेही असे ३५९ जण होते. त्यांचा निकाल लावण्यासाठी पाच देशांचा तटस्थ आयोग नेमला गेला, अध्यक्ष होते जनरल थिमय्या. कैद्यांची राखण एकट्या भारताने करायची होती. त्यासाठी गेलेल्या पाच-सहा हजार जवानांच्या संरक्षक दलाचे प्रमुख थोरात होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकाचे पाऊल आपल्या भूमीवर पडू द्यायचे नाही असे ठरवले होते, म्हणून इंचॉनजवळ समुद्रात थांबलेल्या जहाजांवरून अमेरिकन हेलिकॉप्टरांनी आपले जवान थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवले. तिथल्या तळाचे नाव पडले हिंदनगर.

बहुसंख्य कैदी कट्टर साम्यवादविरोधी होते. भारतीय लोक आपल्याला बळजबरीने परत धाडणार, अशी त्यांची ठाम समजूत होती. तारांच्या कुंपणाआड त्यांच्या संघटना होत्या, पुढारी होते, लपवलेली हत्यारे होती. घोषणा, शिव्या आणि दगड हे पहाऱ्यावरच्या जवानाच्या रोजच्या वाट्याला येत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोळीबार करावाच लागला आणि काही कैदी मरण पावले. अशा घटना वाढल्या असत्या तर थांबलेले युद्ध पुन्हा पेटण्याचा धोका होता.

इथे शरीरात काय चालते ते समजून घेतले पाहिजे. धोका जाणवताच मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन सोडतात, मग कॉर्टिसॉल वाढते. छाती धडधडते, स्नायूंकडे जास्त रक्त जाते, नजर एका बिंदूवर खिळते. लढायला किंवा पळायला हे सगळे उत्तम. पण तारेपाशी उभ्या असलेल्या जवानाला लढायचेही नव्हते, पळायचेही नव्हते. दगड खाऊन जागेवर उभे राहायचे आणि पुन्हा उद्या तिथेच यायचे, असा तो हुकूम होता. माझ्या मते सैनिकी जीवनातला हा सर्वांत जड ताण. शरीर पेटलेले असते आणि हात बांधलेले असतात.

सप्टेंबर १९५३ च्या अखेरीस चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत पकडून ठेवले. बाहेर सशस्त्र जवान होते, एका हुकमाने आत घुसता आले असते. थोरात अगदी मोजक्या माणसांनिशी स्वतः आत गेले. भोवती खवळलेले कैदी. त्यांनी आधी त्यांना भडभडून बोलू दिले. मग सुनावले, की चिनी माणसाच्या आदरातिथ्याबद्दल मी पुष्कळ ऐकले होते, पण इतका वेळ झाला, कोणी मला साधा चहा किंवा सिगारेटही विचारली नाही! जमाव वरमला. चहा आला, सिगारेट आली, बोलणी सुरू झाली आणि मेजर ग्रेवाल सुखरूप बाहेर आले. कोरियातल्या कामगिरीबद्दल थोरातांना अशोक चक्र, वर्ग दुसरा हा सन्मान मिळाला. आज तोच कीर्ती चक्र म्हणून ओळखला जातो.

या प्रसंगात मला सर्वांत मोलाची वाटते ती थोरातांची उसंत. शरीर घाई करत असताना त्यांनी वेळ काढला. अशी उसंत शिकवता येते, हे नंतर शास्त्राने दाखवले. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड माइकेनबॉम यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ताणाच्या लसीकरणाची पद्धत मांडली. आधी ताण म्हणजे काय ते माणसाला समजावून द्यायचे, मग श्वास आणि विचार ताब्यात ठेवण्याची कौशल्ये घोटून घ्यायची आणि शेवटी ती सोसवेल अशा, वाढत्या दाबाखाली वापरायला लावायची. तालमीतला वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी कसलेल्या मल्लाशी झुंजवत नाही, त्यातलाच हा प्रकार. उच्छ्वास लांबवत संथ श्वास घेणे हे त्यातले सर्वांत साधे साधन. त्याने हृदयाचा वेग उतरतो आणि डोक्याला विचाराला जागा मिळते.

शरीराच्या बाबतीत आपले सैन्य हाच नियम फार काटेकोरपणे पाळते. उंच डोंगरावर जाणाऱ्या जवानाला २,७०० मीटरच्या वर पहिल्या टप्प्यात ६ दिवस, ३,६०० मीटरच्या वर ४ दिवस आणि ४,५०० मीटरच्या वर आणखी ४ दिवस हवेची सवय करून दिली जाते. काश्मीरला निघालेल्या तुकड्या आधी बॅटल स्कूलमध्ये तयार होतात. मिझोराममधल्या वैरेंगटे इथली जंगलयुद्धाची शाळा जगभर ओळखली जाते.

मनाच्या तयारीसाठी अमेरिकेत फोर्ट ब्रॅग इथे सैनिकांना खोट्या कैदेत ठेवून त्यांची कसून उलटतपासणी घेतली जाते. चार्ल्स मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे रक्ताच्या चाचण्या केल्या, २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ताणाचे संप्रेरक सगळ्यांच्याच शरीरात वाढले होते, विशेष दलांचे जवानही त्याला अपवाद नव्हते. त्यांच्यात न्यूरोपेप्टाइड-वाय हे द्रव्य मात्र इतरांपेक्षा जास्त आढळले. मेंदूला शांत ठेवायला ते मदत करते. म्हणजे कणखर माणसालाही ताण येतोच, हे रक्ताच्या थेंबातच दिसले.

तरीही एकट्याची तयारी पुरत नाही. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने सुन्न झालेल्या सैनिकांसाठी चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली ‘शेल शॉक’ हे नाव वैद्यकात रूढ केले. अशा सैनिकांवर आघाडीच्या जवळच, लगेच आणि ‘तू बरा होऊन परत जाणार आहेस’ या भरवशाने उपचार करावेत, हे तत्त्व अमेरिकन डॉक्टर थॉमस सॅमन यांनी उचलून धरले. त्या भरवशात आपल्या तुकडीचा वाटा मोठा असतो. आपल्या फौजेतली ‘बडी’ची जोडी इथेच कामी येते. गप्प झालेला, जेवण टाकणारा, झोप उडालेला जवान डॉक्टरच्या आधी त्याच्या जोडीदाराला दिसतो.

घराचा वाटा तर आपण फारच कमी धरतो. सीमेवरच्या जवानाच्या डोक्यात बांधावरचा वाद, आईचे आजारपण, मुलाचा प्रवेश हे सगळे असते आणि घरगुती अडचणी हे जवानांच्या ताणाचे एक प्रमुख कारण असल्याचे सरकारनेही सांगितले आहे. कोल्हापुरातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा तहसीलमध्ये जवानाच्या जमिनीचा एक अर्ज वेळेवर निकाली निघाला, तर शेकडो मैलांवरच्या चौकीत तो रात्री निवांत झोपतो. झोप पुरली तर निर्णय नीट होतात. रजेला याच हिशेबाने पाहिले पाहिजे.

संकोच मात्र अजून मोठा आहे. मन थकले म्हणणे म्हणजे कच खाणे, ही समजूत गावातही आहे आणि पलटणीतही. म्हणूनच १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात जवान आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा खास कक्ष सुरू झाला, ही फार चांगली गोष्ट घडली. टेलि-मानसचा क्रमांक १४४१६. तो जवानाच्या बायकोच्या, आईच्या आणि भावाच्याही फोनमध्ये असायला हवा, कारण पहिला फोन बहुधा त्यांनाच करावा लागतो.